कुत्र्याला लिम्फोमा: लाल इंजेक्शन द्यायचं की त्याच्याशिवायचा कोर्स?

गळ्याखाली, गुडघ्यामागं गाठी आल्या, सुईनं तपासल्यावर लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) निघाला की डॉक्टर बहुतेक चॉप नाहीतर कॉप हे किमोचे कोर्स सुचवतात, आणि चॉपमधल्या डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधानं हार्टला त्रास होतो एवढं कानावर पडलं की बेळगाव असो नाहीतर निपाणी-खानापूर, माणसं लगेच "नको ते लाल इंजेक्शन" म्हणून मोकळी होतात. जरा थांबा की.

कॉपमध्ये सायक्लोफॉस्फामाइड, विन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन, चॉपमध्ये हेच सगळं प्लस ते लाल. फरक आयुष्यात पडतो बघा, बी-सेल लिम्फोमा (बी प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) असेल तर चॉपवर कुत्री साधारण वर्षभर काढतात, कॉपवर त्याहून बरीच कमी, आणि नुसत्या स्टिरॉइडच्या गोळ्यांवर एक-दोन महिने.

आता हार्टचं. सलाइनमधून देताना ठोके चुकू शकतात, म्हणून ते सावकाश सोडतात. पण खरी भीती नंतरची, आणि ती एकूण किती औषध गेलं त्यावर असते. दर चौरस मीटर अंगाला ३० मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस, ३० किलोच्या लॅब्रेडॉरचं अंग जवळपास १ चौरस मीटर भरतं, म्हणजे एका वेळी ३० मिलिग्रॅम (लहान कुत्र्यांना किलोवर मोजतात). चॉपमध्ये सहसा चारच डोस, बेरीज दर चौरस मीटरला १२०. धोका वाढतो तो दर चौरस मीटरला १८० च्या पुढं, २४० च्या पलीकडं सहसा कुणी जात नाही. पण एकदा हार्ट फुगून ढिलं पडलं की ते परत पहिल्यासारखं होत नाही, आणि हे कोर्स संपून काही महिन्यांनीसुद्धा दिसू शकतं.

म्हणून हार्ट चांगलं असेल तर मी चॉपच घेईन. डोबरमन, बॉक्सर, ग्रेट डेन अशी मुळातच हार्टच्या आजाराची जात असेल किंवा इकोत (हार्टच्या सोनोग्राफीत) आधीच गडबड असेल तर मात्र नाही, तिथं कॉप, नाहीतर लालच्या जागी मायटोझँट्रॉन चालेल का विचारा, ते हार्टला बरंच सौम्य. मुधोळ हाउंड पाळणाऱ्यांनी पहिल्या डोसआधी इको करूनच घ्या, ग्रेहाउंडसारख्या पळणाऱ्या जातींचं हार्ट मुळातच मोठं असतं, त्यामुळं नंतरची तुलना त्याच्याच जुन्या इकोशी व्हायला हवी.

कॉप म्हणजे अगदी निर्धोक असंही नाही हं, सायक्लोफॉस्फामाइडनं लघवीतून रक्त जाऊ शकतं. आणि गाठ लिंगाच्या किंवा योनीच्या जागची टीव्हीटी (कुत्र्यांत समागमातून पसरणारी कॅन्सरची गाठ) असेल तर हा सगळा प्रश्नच वेगळा, तिथं बहुतेक वेळा आठवड्याला एक विन्क्रिस्टिन पुरतं.

चॉप घेतलाच तर कुत्रा गाढ झोपलेला असताना श्वास मोजत जा, मिनिटाला सारखे ३० च्या वर जायला लागले, चक्कर येऊन पडला किंवा पोट फुगलं तर लगेच डॉक्टरांना फोन. आणि निम्मे डोस इकडं, निम्मे कोल्हापूर नाहीतर हुबळीला होणार असतील तर प्रत्येक डोसचे मिलिग्रॅम तारखेसकट आपल्याच वहीत उतरवा, कारण ती बेरीज दोन्हीकडच्या फायलीत अर्धी अर्धीच असते.