छतातले जुने एलईडी बदलले: पावसाळा उलटल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीआधी हॉल, पॅसेज आणि स्वयंपाकघराच्या पीओपीतले जुने एलईडी डाउनलाइट काढून नवे बसवले. आता पावसाळाही उलटला, एकही बंद पडलेला नाही. उजेडावर मी खूश आहे, पण लिहायचंय ते बदलताना घ्यायच्या काळजीबद्दल. दुकानात त्याविषयी कुणी अवाक्षर काढत नाही.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी हे नीट वाचा. दिवे बहुतेक त्याच्यावरच असतात. मेन पाडून माणूस निर्धास्तपणे शिडीवर चढतो आणि लाईट गेली असं समजून इन्व्हर्टर त्याच वायरींत २३० व्होल्ट सोडतो. नुसता इन्व्हर्टर बंद करूनही भागत नाही, कारण मग मेनची वीज त्याच्यातून थेट पुढे जाते. दोन्ही बंद हवेत. भिंतीवरच्या बटणावर तर मुळीच विसंबू नका. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर जोडलेलं असलं तर दिवा विझतो, वीज आणणारी फेजची वायर मात्र वर तशीच जिवंत राहते. आमच्या स्वयंपाकघरात नेमकं हेच निघालं. वायरमनने फेज बटणावर घेऊन दिली, मगच पुढचं काम. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये पेटतो का ते बघा, मग वायरला लावा आणि शेवटी पुन्हा सॉकेटमध्ये. बिघडलेला टेस्टर जिवंत वायरवरही पेटत नाही.

दिवा काढताना कड दोन्ही हातांनी सावकाश खाली ओढायची. स्प्रिंगच्या क्लिपा एकदम सुटल्या तर बोटावर फटकन बसतात आणि पीओपीचा टवका उडतो. वर ड्रायव्हरची, म्हणजे एलईडीला हवा तेवढाच करंट देणाऱ्या सर्किटची डबी सापडते. आमच्या लुकलुकणाऱ्या दिव्याचा ड्रायव्हर वायरमनने उघडून दाखवला: कपॅसिटरचं डोकं फुगलेलं, एलईडीचे दाणे बसवलेली प्लेट धडधाकट. अशा वेळी नुसता ड्रायव्हर बदलता येतो, पण मिलिअँपिअरचा आकडा जुन्याइतकाच हवा आणि प्लेटचा व्होल्टेज नव्या ड्रायव्हरच्या रेंजमध्ये बसायला हवा. वॉट जुळले म्हणून भागत नाही. दुसऱ्या एका दिव्यात एलईडीच्या दाण्यावर काळा ठिपका होता. दाणे एकामागे एक जोडलेले असल्याने एक तुटला की अख्खी ओळ विझते, म्हणून तो दिवाच बदलला.

नवे घेताना भोकाचं माप मिलिमीटरमध्ये घेऊन जा. ‘सहा इंची’ म्हणून विकले जाणारे दिवेही एकमेकांना जुळत नाहीत, आणि भोक मोठं असेल तर कडेला काळी फट दिसत राहते. खोक्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि आर-नंबर, म्हणजे तिथला नोंदणी क्रमांक, बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळसर; हॉलला ३००० केल्विन घेतले, संध्याकाळी डोळ्यांना फार बरं वाटतं. स्वयंपाकघरात ४०००च हवेत, पिवळ्या उजेडात भाजीचा रंग कळत नाही.

इतक्या महिन्यांत तक्रार एकच. पॅसेजमधला दिवा बटण बंद असतानाही अंधारात मंद दिसायचा. त्या बटणात बारीक इंडिकेटर आहे, त्यातून झिरपणारा करंट नव्या ड्रायव्हरला तेवढा पुरत होता. साधं बटण बसवलं आणि तो पूर्ण विझला.