ऑटोमॅटिकच्या ऑइल पाइपला कूलंटचा होज लावला आणि साडेचौदा हजार घेतले

ऑटोमॅटिक गाडी असेल तर वाचाच, माझे गेले ते गेले. आमच्या जुन्या सेडानखाली पार्किंगमध्ये लाल डाग पडायला लागले. इंजिन ऑइल असं लाल नसतं म्हणजे एटीएफच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल), एवढं मला पण कळलं. गिअरबॉक्समधून दोन पाइप रेडिएटरमधल्या कूलरला जातात, एकातून गरम ऑइल जातं आणि दुसऱ्यातून गार होऊन परत येतं, त्यातला एक पाइप, लोखंडी नळीवर रबरी होज जिथे दाबून बसवलेला असतो तिथे, पाझरत होता.

पुण्यातला गॅरेजवाला म्हणाला, साहेब दोन्ही लाइन टाकू, कंपनीचा सेट मागवतो, ऑइलसकट साडेचौदा. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी कशाला भरताय" आणि मी गप्प बसलो, तिथेच माती खाल्ली. जुने पाइप मागितले तर म्हणे भंगारवाला आत्ताच घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी साताऱ्याला निघालो, खंबाटकी चढताना गाडी नुसती ओरडतेय, आरपीएम चार हजार आणि वेग काही वाढेना, उतरून बघतो तर मागे रस्त्यावर लाल रेघ. टो करून शिरवळला आणली. तिथल्या मेकॅनिकने खालून होज दाखवला, म्हणाला दाबा. चहात बुडवलेल्या पावासारखा मऊ! वरची छपाई पॉलिश पेपरने घासलेली पण मागच्या बाजूला "कूलंट" अजून वाचता येत होतं. कूलंटच्या, म्हणजे रेडिएटरच्या पाण्याच्या होजचं रबर ऑइलमध्ये फुगतं म्हणे, मग साध्या क्लिपमधून सटकणारच. आणि लोखंडी पाइप? पेट्रोलच्या फडक्याने पुसला तर काळा स्प्रे फडक्यावर आला आणि खाली मागच्या वर्षी दगड लागून पडलेला चेप जसाच्या तसा. माझाच पाइप मला विकला!

ऑइल कमी पडून क्लच प्लेटा जळाल्या, गिअरबॉक्स खोलायचा खर्च ६५ हजार. शिरवळवाल्याने सांगितलं, नवीन पाइप आला की पार्ट नंबरचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा, होजवर ट्रान्समिशन ऑइलचा आहे असं छापलंय का बघा आणि जुना माल काम सुरू व्हायच्या आधीच मागून ठेवा, नंतर तो भंगारवाला कायम येऊन गेलेला असतो.

गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो, साहेब तो होज आणून द्या, कंपनीला दाखवून क्लेम करतो. होज डिकीत आहे, पिशवीला गाठ मारून. देणार नाहीये.