फ्रिजच्या व्हेंटमधून उतरवलेली सोलर वायर: जुन्या मोटारहोममधला आठ महिन्यांचा अनुभव

गाडी अमेरिकेतली, १९९६ सालची, फोर्ड ई-३५० च्या चासीवर (गाडीच्या मूळ सांगाड्यावर) बांधलेली क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनमागे घर बांधलेली मोटारहोम. छताला लाकडी सांगाडा आणि वर ईपीडीएम या रबराचं पाणीरोधक आवरण. छतावर १०० वॅटची दोन पॅनेल, आत व्हिक्ट्रॉन कंपनीचा ७५/१५ एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज घेऊन बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि ६ व्होल्टच्या दोन गोल्फ कार्ट बॅटऱ्या. आठ महिन्यांत कडक ऊन आणि थंडी दोन्ही झालं. पॅनेल आणि कंट्रोलरबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, दोन्ही आपापलं काम करतात. सांगायचं आहे ते छतापासून बॅटरीपर्यंतच्या वायरबद्दल. जुन्या गाडीत सोलर रखडतं ते बहुतेक वेळा याच टप्प्यात, आणि वायरसाठी पाडलेल्या भोकातून छतात पाणीही शिरू शकतं.

छताला नवं भोक न पाडता वायर आत न्यायचे दोन रस्ते अशा गाडीत तयारच असतात. एक सांडपाण्याच्या टाकीचा व्हेंट पाइप (हवा बाहेर सोडणारा), दुसरा गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचा छतावरचा व्हेंट. पाइपच्या आतून वायर कधीही नेऊ नये, कारण वायर बाहेर काढायला पाइपला भोक पाडलं की टाकीतली दुर्गंधी आणि वायू घरात येतात. पाइप आणि छताचं भोक यांच्यामधल्या फटीतून वायर जाते, पण ती फट अनेक गाड्यांत जेमतेम असते आणि खाली वायर नेमकी कुठे उतरते ते दिसत नाही. फ्रिजचा व्हेंट मात्र ऐसपैस. वर झाकण, खाली बाहेरच्या भिंतीत जाळीचं दार, आणि दोन्ही उघडली की अख्खा मार्ग डोळ्यांसमोर. म्हणून पहिली पसंती त्यालाच, आणि आठ महिन्यांनंतरही ती बदललेली नाही.

झाकणाचे चार स्क्रू काढा. उन्हात वर्षानुवर्षं तापलेलं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, तेव्हा नवं झाकण आधीच आणून ठेवलेलं बरं. झाकणाखालच्या चौकटीच्या उभ्या बाजूला, छतापासून निदान दोन बोटं वर, स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होणाऱ्या ड्रिलने) भोक पाडा आणि त्यात केबल ग्लँड (वायरभोवती घट्ट बसणारं पाणीरोधक बूच) बसवा. जोर देऊ नका, तडा जातो. ग्लँडच्या आधी वायरला खाली झुकणारा वळसा ठेवा, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत आत न येता वळशाच्या तळाशीच गळून पडतं. मग दोरीला नट बांधून वरून सोडा, खालच्या दारातून पकडा आणि त्या दोरीने वायर ओढून घ्या.

या पोकळीत वायर बाहेरच्या भिंतीला चिकटूनच उतरली पाहिजे. फ्रिजच्या मागे बर्नर, त्याची उभी धुराची नळी आणि वरती कंडेन्सरच्या पट्ट्या असतात, यातल्या कशालाही वायर टेकता कामा नये. साधारण दर फुटावर रबर लावलेली पी-क्लिप (वायर धरून ठेवणारी पट्टी) मारा. वायर बांधायचा प्लास्टिकचा टाय इथे वापरू नका, उष्णतेने तो कडक होऊन तुटतो आणि वायर नेमकी नळीवर जाऊन पडते. ९० अंश सेल्सिअसचं इन्सुलेशन असलेली सोलर वायरच घ्या. वायरी दोनच असल्या तर हवेच्या प्रवाहाला अडथळा होत नाही. पण जाड कॉन्डुइट (वायरीसाठीची नळी) घालून पोकळी अडवली तर फ्रिज नीट थंड करत नाही, विशेषतः उन्हाळ्यात.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. फ्रिजमागची पोकळी राहत्या भागापासून मुद्दाम बंद ठेवलेली असते, कारण बर्नरचा धूर, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडसकट, तिथूनच बाहेर जातो. वायर शेजारच्या कपाटात न्यायला पाडलेलं भोक उघडं राहिलं तर तो वायू झोपायच्या जागेत येतो. भोकात ग्रोमेट (कडेपासून वायर वाचवणारी रबरी कडी) घाला आणि भोवतालची फट अग्निरोधक सीलंटने दोन्ही बाजूंनी भरा. साधा फुगणारा फोम ज्वलनशील असतो, तो बर्नरजवळ नको. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवरची मुदतीची तारीखही त्याच दिवशी बघून घ्या. जुन्या गाडीत ती बहुधा उलटून गेलेली असते.

वायर अमेरिकी मापाने १० गेजची आहे, म्हणजे सव्वापाच चौरस मिलिमीटर. छतापासून कंट्रोलरपर्यंत ६ मीटर, जाऊन-येऊन १२. तिचा रोध मीटरला सुमारे ३.३ मिलिओहम, म्हणजे एकूण ०.०४ ओहम. पॅनेल समांतर जोडली तर १८ व्होल्टला ११ अँपिअर वाहतात आणि वायरमध्ये ०.४३ व्होल्ट, म्हणजे जवळपास अडीच टक्के, वाया जातात. सीरिजमध्ये (एकापाठोपाठ एक) ३६ व्होल्टला साडेपाच अँपिअर, घट ०.२२ व्होल्ट, एक टक्काही नाही. मोजलं तेव्हा आकडे हिशेबाच्या जवळच आले. छतावरच्या एअर कंडिशनरची सावली एका पॅनेलवर तासन् तास पडत असेल तर समांतर जोडणी बरी, एरवी सीरिज. पण तिसरं पॅनेल सीरिजमध्ये घालायचा मोह नको. एका पॅनेलचे उघडे, म्हणजे काहीही न जोडता मिळणारे, २२ व्होल्ट उणे १० अंशांत सव्वाचोवीसच्या पुढे जातात. तिघांचे ७३ होतात, आणि या कंट्रोलरची कमाल मर्यादा ७५ आहे, म्हणजे जेमतेम दोन व्होल्टचं अंतर उरतं.

कंट्रोलर ते बॅटरी हा तुकडा लोक दुर्लक्षित ठेवतात, आणि चार्जिंग तिथेच अडतं. कंट्रोलर व्होल्टेज मोजतो ते स्वतःच्या टर्मिनलवर. हा तुकडा ४ मीटरचा असेल तर १४ अँपिअरला ०.३७ व्होल्ट, म्हणजे एका व्होल्टच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, वायरीतच संपतात. कंट्रोलरला वाटतं बॅटरी १४.४ व्होल्टला पोचली, आणि तो प्रवाह आधीच कमी करायला लागतो. इथे अंतर दीड मीटर ठेवलं, घट ०.१४ झाली. जाडी वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण ७५/१५ च्या टर्मिनलमध्ये ६ चौरस मिलिमीटरच्या पुढची वायर जातच नाही. कंट्रोलरच जवळ आणावा लागतो. मात्र पाणी घालाव्या लागणाऱ्या बॅटऱ्यांच्या पेटीत तो बसवू नये, तिथे स्फोटक हायड्रोजन असतो. २० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. पॅनेलच्या बाजूचा स्विच डीसीसाठी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठी) बनवलेलाच घ्या. घरातल्या एसी विजेसाठीचा एमसीबी डीसीची ठिणगी खात्रीने तोडत नाही.

रंगांवर विसंबू नका. या गाड्यांच्या घरातल्या १२ व्होल्ट वायरिंगमध्ये पांढरी ऋण आणि काळी बहुधा धन असते, तर चासीच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे ऋण. मल्टिमीटर लावल्याशिवाय एकही टोक जोडू नये. जोडताना बॅटरी आधी, पॅनेल नंतर. सोडवताना बरोबर उलट.

आठ महिन्यांत काय ढिलं झालं? छतावर चिकटवायचे टाय-माउंट पहिल्याच उन्हाळ्यात निघाले, रबरावर त्यांचा गोंद धरत नाही. आता दर फूट-सव्वा फुटावर वायर डायकोर कंपनीच्या, छतासाठीच्या लॅप सीलंटच्या गोळ्यात बसवलेली आहे आणि ती हललेली नाही. वायर मोकळी राहिली तर हायवेवरच्या वाऱ्याने फडफडत रबरावर घासते आणि इन्सुलेशन सोलवटतं. पांढरे नायलॉन टाय उन्हाने तुटले, काळे यूव्हीवाले टिकले. ईपीडीएमवर सिलिकॉन लावू नका, ते सुटतं आणि त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही. छत पेट्रोलजन्य द्रावणाने पुसलं तर रबर फुगतं. सोलर वायरींचा एक एमसी४ जोड भर दुपारी हाताला गरम लागला. आत तारेचं क्रिंप (दाबून केलेला जोड) अर्धवट होतं. पक्कडीने दाबलेलं क्रिंप असंच फसतं, त्याचं स्वतंत्र हत्यार लागतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी जोड एकत्र घातले तरी तसंच तापतं.

महाराष्ट्रात टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या कॅम्परमध्ये हा रस्ता सहसा नसतो, कारण फ्रिज कॉम्प्रेसरचा असतो आणि छत पत्र्याचं. तिथे कपाटाच्या बरोबर वर दुहेरी केबल ग्लँड बसवावा, भोकाची कड घासून गंजरोधक रंग लावावा आणि पत्र्याला ग्रोमेट घालावाच, नाहीतर गाडीच्या धक्क्यांनी पत्रा वायर कापतो. बाजारात ‘सहा एमएम डीसी सोलर केबल’ (म्हणजे सहा चौरस मिलिमीटरची) म्हणून जी मिळते ती वर सांगितलेल्या १० गेजपेक्षा किंचित जाडच असते.