मानिनी काउंटेस : कार्ल बोम यांच्या ‘फिगारो’चे ध्वनिमुद्रण

मोत्सार्टच्या ‘ल नोत्से दी फिगारो’ या विनोदी ऑपेराचे वाद्यवृंद-संचालक कार्ल बोम यांनी १९६८ मध्ये बर्लिनच्या डॉइच ऑपेराच्या वाद्यवृंदासह केलेले ध्वनिमुद्रण मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, आणि दरवेळी त्याकडे वळतो तो काउंटेस अल्माविवासाठी. केवळ सोसणारी पत्नी म्हणून रंगवली जाणारी ही उमरावीण इथे खऱ्या अर्थाने मानिनी वाटते.

फ्रेंच नाटककार बोमार्शेच्या मूळ नाटकात ती पहिल्याच अंकात दिसते. संहिताकार लोरेंझो दा पोन्ते आणि मोत्सार्ट यांनी मात्र तिला राखून ठेवले, त्यामुळे दुसऱ्या अंकाच्या आरंभी ती भेटते ती एकदम एकटी, तिच्या दालनात. ‘पोर्जी, आमोर’ हे तिचे पद अवघ्या चार ओळींचे आहे : प्रेमदेवतेने माझा ठेवा मला परत द्यावा, नाहीतर निदान मरण तरी येऊ द्यावे. तोवर चाललेली सगळी धावपळ इथे थबकते. काउंटेसची भूमिका गाणाऱ्या गुंडुला यानोवित्स यांचा चांदीसारखा स्वच्छ आवाज या ओळींत कुठेही हुंदक्याचा आधार घेत नाही. त्या दुःख सांगतात, पण कीव मागत नाहीत. एकेकाळी पालकाच्या हातावर तुरी देऊन काउंटशी लग्न करणारी रोझिना ती हीच, हे लक्षात घेतले तर हा संयम अधिकच बोचतो.

तिसऱ्या अंकात ‘दोवे सोनो’च्या आधीच्या पठणवजा गायनात ती आपल्या संसाराचा हिशेब तीन शब्दांत मांडते : आधी प्रेम, मग अपमान, शेवटी दगा. त्याहून तिला जाचते ते हे, की स्वतःच्या दासीकडे मदत मागण्याची पाळी नवऱ्याने तिच्यावर आणली. पुढचे पद गेलेल्या सुखाच्या आठवणीत संथ सुरू होते आणि त्या कृतघ्न मनाला बदलता येईल या आशेने अखेरीस वेग घेते. तो वेग यानोवित्स हळूहळू कमावतात, म्हणून ती आशा खरी वाटते.

दोष मला एकच जाणवतो. काउंटच्या पदरचा किशोरवयीन सेवक केरुबिनो आतल्या खोलीत कोंडलेला असताना काउंट दार फोडायला निघतो, त्या प्रसंगी काउंट गाणारे डीट्रिश फिशर-डीस्काउ यांचा संताप अंगावर येतो, पण समोर काउंटेस थोडी जास्तच भारदस्त राहते. ती खोटे बोलते आहे, घाबरली आहे आणि काही अंशी तिला त्या पोराचे कौतुकही आहे. ही तिहेरी चलबिचल, जुन्या रोझिनाचा खट्याळपणा, आवाजात हवा होता.

ही उणीव भरून निघते ती पत्राच्या द्वंद्वगीतात. दासी सुझानाच्या मागे लागलेल्या काउंटला बागेत बोलावण्यासाठी हे पत्र आहे. काउंटेस मजकूर सांगते, सुझाना लिहून घेते आणि प्रत्येक ओळीचे शेवटचे शब्द परत म्हणते : आज सायंकाळी, वनराईतल्या पाइन वृक्षांखाली, मंद झुळूक वाहील. बाकीचे त्याला कळेलच, असे म्हणून दोघी थांबतात आणि मग पत्र एकत्र वाचतात. ओबो आणि बासून ही फुंकून वाजवायची वाद्ये त्यांच्या सोबतीला असतात. एडिथ माथिस यांची सुझाना आणि यानोवित्स यांचे आवाज हळूहळू इतके एकजीव होतात की मालकीण कोण आणि दासी कोण, हे कानाला उमगेनासे होते. चौथ्या अंकात या दोघी एकमेकींचे कपडे घालून काउंटला चकवणार असतात. त्या फसवणुकीवर विश्वास बसतो तो याच गीतामुळे.

आणि मग बागेतला तो शेवट. सर्वांसमोर पकडला गेलेला काउंट ‘काँतेसा, पेर्दोनो’ म्हणत क्षमा मागतो. बोम इथे लय अजिबात रेटत नाहीत. ‘मी तुमच्याहून मवाळ आहे, मी होकार देते,’ एवढेच काउंटेस म्हणते, आणि यानोवित्स ते उपकाराच्या सुरात म्हणत नाहीत. विचार करून घेतलेला निर्णय सांगावा तसे म्हणतात. मग तिची ती चाल बाकीचे सगळे हलक्या आवाजात उचलून धरतात.