पॉम्पेईचे अवशेष आणि व्हेसुव्हियसची वाइन : खासगी सहलीबद्दल, काही महिन्यांनंतर

सहलीहून आल्या आल्या लिहिलेल्या अभिप्रायांत बहुतेक वेळा गाडी चांगली होती, माणूस वेळेवर आला, वाइन मस्त होती, एवढंच सापडतं. नेपल्सहून केलेल्या या सहलीबद्दल मला थोडं थांबून लिहायचं होतं. सप्टेंबरअखेरीस गेलो होतो. आता घरची एप्रिल छाटणी उरकली आहे, आणलेल्या बाटल्या संपल्या आहेत, आणि त्या दिवसाच्या गोष्टी अजून जेवताना निघतात. माझं मत आधीच सांगते : सकाळी रोमन अवशेष आणि दुपारी वाइन ही जोडी पैसे वसूल करते, पण दोन्हींमधला धागा दाखवणारा माणूस सोबत असेल तरच. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या इ.स. ७९ च्या उद्रेकात गाडलं गेलेलं पॉम्पेई हे वाइनचं शहर होतं. हे मनात पक्कं झालं की सकाळ आणि दुपार एकच गोष्ट सांगायला लागतात.

आम्ही चौघं होतो : आई, बाबा, नवरा आणि मी. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. बाबा माळकरी, त्यामुळे वाइनच्या थेंबाला शिवणार नाहीत. आई-बाबा दोघंही शाकाहारी. अशा माणसांना वाइनच्या सहलीला न्यावं का, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर पुढे येईलच.

बुकिंग करताना एक गोष्ट नीट समजून घ्या. गाडी चालवणारा आणि अवशेष दाखवणारा ही दोन वेगळी माणसं असतात. चालकाला कितीही माहिती असली तरी आत मार्गदर्शन करायला परवानाधारक गाइडच लागतो. आमच्या कंपनीच्या पानावर ‘खासगी गाइडसह’ असं मोठ्या अक्षरांत होतं आणि तो गाइड फक्त दोन तासांचा, हे खाली बारीक टाइपात. पॉम्पेईचा परिसर सुमारे ६६ हेक्टर आहे, त्याचा जवळजवळ तिसरा भाग अजून मातीखाली आहे. उरलेलं दोन तासांत पाहायचं म्हणजे नुसती पळापळ. आम्ही आधीच ईमेल करून वेळ वाढवून घेतली. जादा पैसे पडले, आणि अख्ख्या सहलीत सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे तेच. १७४८ पासून इथे खोदकाम चालू आहे. दाखवण्यासारखं इतकं आहे की काय सोडायचं हे ठरवण्यासाठीच जाणता माणूस लागतो.

आमच्या गाइडबाई पुरातत्त्व शिकलेल्या. त्यांना बाबांचा व्यवसाय कळल्यावर त्यांनी ठरलेला मार्गच बदलला. फोरम (शहराचा मुख्य चौक), स्नानगृहं थोडक्यात आटोपली आणि आम्हाला दुकानांच्या रस्त्यावर नेलं. तिथे जागोजागी थर्मोपोलियम, म्हणजे रस्त्याकडेचे खाण्यापिण्याचे ठेले. दगडी ओटा, ओट्यात गळ्यापर्यंत बसवलेली मडकी. २०२० मध्ये पूर्ण उकललेल्या एका ठेल्यातल्या वाइनच्या भांड्याच्या तळाशी भरडलेल्या बाकल्याच्या शेंगांचे दाणे मिळाले. वाइनचा रंग उजळ करायला आणि चव सुधारायला ते घालत. बाबा म्हणाले, “म्हणजे गिऱ्हाईकाला रंग आधी दिसतो, हे त्यांनाही माहीत होतं.” बेदाणा विकणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मग बाईंनी एका दारूगुत्त्याच्या भिंतीवरचा मजकूर सांगितला : एका नाण्यात इथे पिता येईल, दोन दिलीत तर याहून चांगली मिळेल, चार दिलीत तर फालेर्नियन. फालेर्नियन ही उत्तर कंपानियातली, त्या काळातली सगळ्यात नावाजलेली वाइन. पॉम्पेईच्या स्थानिक वाइनबद्दल मात्र थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की ती दहा वर्षांपलीकडे सुधारत नाही आणि प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं दुखतं. हाच प्लिनी इ.स. ७९ च्या त्या उद्रेकात, जवळच्या स्ताबियाच्या किनाऱ्यावर मरण पावला.

अँफिथिएटरजवळच्या मळ्यापाशी आम्ही सगळ्यात जास्त थांबलो. इथे पूर्वी गुरांचा बाजार असावा असं समजत. १९६० च्या दशकात विल्हेल्मिना जाशेम्स्की या अमेरिकन संशोधिकेने खणलं तेव्हा जमिनीत ओळीने भोकं सापडली. राखेखाली गाडलेली वेलींची मुळं कुजून गेली होती, त्यांच्या जागी पोकळी राहिली होती आणि तिच्यात दगडाची बारीक खडी घसरून भरली होती. ती खडी उपसून आत सिमेंट ओतलं, घट्ट झाल्यावर भोवतालची माती काढली, की मुळाचा हुबेहूब साचा हातात. जुझेप्पे फिओरेल्लीने १८६३ मध्ये माणसांच्या देहांचे प्लास्टरचे साचे काढले, त्याच युक्तीने. दोन हजारांवर वेली निघाल्या, शहराच्या तटबंदीच्या आत! दोन वेलींमधलं, दोन ओळींमधलं अंतर, मध्येच लावलेली फळझाडं, सगळं मुळांवरून कळलं. बाबांनी पावलं टाकून अंतर मोजलं आणि आईला म्हणाले, “आजोबांच्या वेळचा मांडव असाच दाट होता.” आज तिथे पुन्हा द्राक्षवेली आहेत. पॉम्पेईतल्या प्राचीन मळ्यांच्या जागी लागवड करून वाइन काढायचा प्रयोग १९९० च्या दशकात सुरू झाला.

यानंतरचा थांबा मूळ कार्यक्रमात नव्हता. बोस्कोरेआले इथला व्हिला रेजिना आम्ही मागून जोडून घेतला, आणि खासगी गाडीचा खरा फायदा मला तिथे पटला. पॉम्पेईला नेपल्सहून चिर्कुमवेझुव्हियाना लोकलने पाऊण तासाच्या आत जाता येतं, स्टेशन दाराशीच आहे; तेवढ्यासाठी गाडी करायची गरज नाही. व्हिला रेजिना मात्र निवासी इमारतींच्या घोळक्यात, खड्ड्यात उतरल्यासारखा आहे. १९७७ मध्ये तिथे घरं बांधायला घेतली तेव्हा तो सापडला. राजवाडा वगैरे काही नाही, एका शेतकऱ्याचं घर : मळणीचं खळं, द्राक्षं तुडवायची जागा, दाबयंत्र, आणि अंगणात गळ्यापर्यंत पुरलेले १८ रांजण. सगळे मिळून सुमारे दहा हजार लिटर वाइन मावेल इतके. बाजूला मुळांच्या खुणांवर पुन्हा लावलेली बाग. आम्ही होतो तेव्हा तिथे दुसरं कुणीच नव्हतं. आई कठड्याला धरून बराच वेळ त्या रांजणांकडे बघत होती. पॉम्पेईतल्या भिंतीवरच्या चित्रांपेक्षा हे अंगण तिला आपलं वाटलं, असं ती अजूनही सांगते.

तिथेच गाइडबाईंनी तारखेचा वाद सांगितला. उद्रेकाची परंपरेने मानलेली तारीख २४ ऑगस्ट. पण या परिसरात नवी वाइन भरून तोंडं बंद केलेले रांजण मिळाले आहेत आणि २०१८ मध्ये पॉम्पेईत कोळशाने लिहिलेली एक ओळ सापडली, तिची तारीख १७ ऑक्टोबरशी जुळते. त्यामुळे उद्रेक शरदात झाला असावा असं आता बरेच अभ्यासक मानतात. बाबांनी विचार करून सांगितलं, की वाइनची द्राक्षं ऑगस्टमध्ये तयार होणं शक्य वाटत नाही. तासाभराने मळ्यात गेल्यावर त्यांनी हे तपासूनही घेतलं.

मळा व्हेसुव्हियसच्या दक्षिण उतारावर, बोस्कोत्रेकासेच्या बाजूला. समोर खाली नेपल्सचा उपसागर, वर १,२८१ मीटरचा डोंगर. त्याचा शेवटचा उद्रेक १९४४ मधला. जमीन काळी, भुसभुशीत, राख आणि सच्छिद्र दगडाची. मळ्याचा मालक आमच्याबरोबर आला आणि पुढचा वेळ त्याचा आणि बाबांचा होता. आम्ही दुभाषे.

पहिला प्रश्न बाबांचा : खुंट कुठला? आमच्याकडे डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, कलम केल्याशिवाय बाग उभी राहत नाही. मालकाने वेलीच्या बुडाशी माती उकरून दाखवलं, कलमाचा सांधाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि तेव्हापासून तिकडची द्राक्षं अमेरिकी खुंटावर वाढतात. व्हेसुव्हियसच्या वालुकामय राखेत ती कीड टिकत नाही, म्हणून इथल्या कितीतरी वेली स्वतःच्या मुळावर आहेत. वेल मेली की शेजारच्या वेलीची काडी वाकवून मातीत गाडतात, मुळं फुटली की तोडून वेगळी करतात. आपलं दाब कलमच! ठिबकच्या नळ्या कुठे दिसेनात म्हणून बाबांनी पाण्याचं विचारलं. आमच्या मळ्यात पाणी देत नाही, हा सच्छिद्र दगडच ओल धरून ठेवतो, असं उत्तर आलं. टँकरने बाग जगवलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग मालकाने खिशातून द्राक्षातली साखर मोजायचा ब्रिक्समीटर काढला, पिएदिरोसो या इथल्या काळ्या द्राक्षाचा एक मणी दाबून थेंब काचेवर टाकला आणि यंत्र बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते सवयीने उजेडाकडे धरलं. वीसच्या पुढे. तोडणी अजून दोन-तीन आठवड्यांनी, ऑक्टोबरात. तारखेच्या वादात बाबांचा कौल तिथेच पडला. मण्यांची चव त्यांनी घेतली : साल जाड, बिया मोठ्या, गोडी भरपूर. वाइन न पिणाऱ्या माणसाला या सहलीत काय मिळेल, याचं उत्तर म्हणजे ही दुपार. फक्त मळ्यात फिरायला मिळणार की थेट टेबलावर बसवणार, हे आधी विचारा. बसच्या गटांना बहुतेक जागी टेबलच मिळतं.

वाइनबद्दल थोडक्यात. इथली प्रसिद्ध वाइन लाक्रिमा क्रिस्ती, १९८३ पासून तिला डीओसीचा, म्हणजे ठरावीक भागातल्या वाइनला इटलीत मिळणारा अधिकृत दर्जा आहे. लाल मुख्यतः पिएदिरोसोची. पांढरी काप्रेत्तोने आणि कोदा दि वोल्पे या द्राक्षांची. पांढरी मला जास्त आवडली, किंचित खारट झाक आणि सरळ आंबटपणा. लाल हलकी, मिरीचा वास असलेली. महागडी राखीव बाटली घ्या असा आग्रह झाला, पण ती लाकडाच्या वासाने भरलेली होती, साधीच उजवी. जेवणात व्हेसुव्हियसचे छोटे टोमॅटो, पिएन्नोलो, घोसाने टांगून हिवाळाभर टिकवतात ते. त्यांचा पास्ता आईने दुसऱ्यांदा मागून घेतला. शाकाहारींनी दोन गोष्टी कळवाव्यात : अँकोव्ही (बारीक खारवलेले मासे) नको, आणि प्राण्यांच्या रेनेटने (जठरातल्या दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) केलेलं चीज चालणार नसेल तर तसं स्पष्ट. पार्मेझान आणि प्रोव्होलोने प्राण्यांच्याच रेनेटची असतात.

आता तक्रार. परतीच्या वाटेवर चालकाने न विचारता पोवळ्याच्या आणि शिंपल्यावरच्या कोरीव दागिन्यांच्या दुकानाशी गाडी उभी केली. हे काम जवळच्या तोरे देल ग्रेकोचं खासच आहे, पाहण्यासारखंही आहे. पण आमचा वेळ आम्ही विकत घेतला होता. आई-बाबा दमले होते आणि आम्ही नाही म्हटल्यावर चालकाचा सूर बदलला. कंपनीला लिहिलं, उत्तर सौजन्याचं आलं, त्यापलीकडे काही नाही. तुम्ही बुकिंग करताना ‘दुकानाचा थांबा नको’ हे लेखी घ्या.

कंपनीच्या कार्यक्रमात नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे नेपल्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय. मंगळवारी बंद असतं. सहलीच्या आदल्या दिवशी पाहिलं तर उत्तम. पॉम्पेईच्या एका घरातलं बाक्कस या वाइनच्या रोमन देवाचं भित्तिचित्र तिथे आहे : देवाचं अंगच द्राक्षाच्या घोसाचं, आणि मागे डोंगर, ज्याच्या उतारावर वेलींच्या ओळी. तिथेच १९३८ मध्ये पॉम्पेईत सापडलेली, वीतभर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून ओळखतात, अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत.

त्यामुळे हिवाळ्यात आम्ही तेरला गेलो. बाबांना गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं होतं, मला लामतुरे संग्रहालय पाहायचं होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणांत तेरचं नाव तगर म्हणून येतं, पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर. इथून कापड भडोचच्या बंदरात जाई, आणि त्या बंदरात उतरणाऱ्या मालात पहिल्या पसंतीची म्हणून इटलीच्या वाइनची नोंद आहे. वाइनच्या कुंभांचे तुकडे नेवाशालाही निघाले आहेत. ती वाइन कुठल्या मातीतली, हे आता आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. सहलीचा हा भाग कुठल्याही कंपनीने विकला नव्हता, पण ती सहल झाली नसती तर आम्ही तेरला गेलोच नसतो.

बाटल्यांचं : भारतात येताना माणशी २ लिटर मद्याला सूट आहे, म्हणजे ७५० मिलीच्या दोन, आणि त्या चेक-इन बॅगेतच. पांढरी लवकर संपवा. लाल आम्ही पुण्यात पिठलं-भाकरीबरोबर उघडली, छान जमली. बाबांनी घराच्या मागे एका काडीचं दाब कलम केलंय, स्वतःच्या मुळावर. मुळं फुटली आहेत, पुढचं पावसाळ्यानंतर कळेल.

पैसे गाडीमागे लागतात, त्यामुळे चौघांत खर्च बराच हलका होतो. दोघंच असाल तर पॉम्पेईला लोकलने जा आणि फक्त मळ्यापुरती गाडी करा. स्वतः गाडी चालवून वाइन प्यायचा विचार सोडा, कायद्याची मर्यादा रक्ताच्या लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल आहे. नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला २०,००० लोकांनाच प्रवेश आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्टवरचंच नाव कंपनीला द्या. मोठी सॅक आत नेता येत नाही. प्यायच्या पाण्याचे नळ आत आहेत, रिकामी बाटली न्या. सावली जवळजवळ नाही आणि दगडी रस्ते खडबडीत आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी नक्की घ्यावी. बागेत घोस पाहायचे असतील तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. डिसेंबरात गेलात तर नुसत्या काड्या दिसतील.