सेटल्ड स्टेटसच्या नावाखाली ७७७ पौंड ५० पेन्स लुटले

गोव्याहून पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला आलेल्या सगळ्यांनी हे वाचा, विशेषतः स्विंडन, साउथॉल आणि लेस्टरमधल्यांनी. आम्हाला लुबाडणारा एजंट आपलाच माणूस आहे, आमच्याच पेडणे तालुक्यातला, आणि त्याचा धंदा अजून जोरात चालू आहे.

ब्रेक्झिटनंतर इथे राहायला आणि काम करायला आमच्यासारख्या युरोपीय पासपोर्टवाल्यांना अर्ज करून सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहण्याचा हक्क, घ्यावा लागला. त्याच अर्जात आम्हाला लुटलं. आधी हिशोब. ऑक्टोबर २०२० मध्ये मी, बायको आणि लहान मुलगा अशा तिघांच्या अर्जांसाठी त्याने 'सरकारी फी' म्हणून १६२ पौंड ५० पेन्स घेतले. मोठ्यांचे ६५-६५, मुलाचे साडेबत्तीस. त्याची स्वतःची फी माणशी १८०, म्हणजे ५४०. मग 'कार्डा'चे माणशी २५, म्हणजे ७५. सगळे रोख. आणि या अर्जाला एक पेनीसुद्धा लागत नाही! ६५ पौंडांची फी आधी ठरली होती, पण जानेवारी २०१९ मध्ये थेरेसा मे यांनी ती रद्द केल्याचं संसदेत जाहीर केलं आणि ३० मार्चला योजना सर्वांसाठी खुली झाली ती फुकटच. आकडा एकेकाळी खरा होता, म्हणूनच तो खपला.

आजही डोळ्यांसमोरून हलत नाही तो क्षण म्हणजे अर्जातला ईमेल आणि फोन नंबर. त्याने दोन्ही ठिकाणी स्वतःचे घातले. बायकोने विचारलंसुद्धा, "आमचा नंबर नको का?" तर म्हणाला, "वहिनी, तुमी हुसको (काळजी) करूं नाकात, सरकारची पत्रं इंग्रजीत येतात, मी बघतो." खटकायला हवं होतं ते तिथेच. पण मी वेअरहाऊसात रात्रपाळी करत होतो, कोविडमुळे मदत केंद्रं बंद होती, ३१ डिसेंबर २०२० ला ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपल्यावर काय होणार या भीतीने सगळा समाज धास्तावला होता. अशा वेळी कोकणी बोलणारा, गावच्या जत्रेला वर्गणी देणारा माणूस समोर बसला तर कोण संशय घेईल?

पुढे त्याने पासपोर्ट आपल्याच मोबाइलवर स्कॅन केला. नॅशनल इन्शुरन्स नंबर टाकल्यावर टॅक्सच्या नोंदींतून सेटल्डसाठी लागणारी माझी पाच वर्षं सलग दिसली नाहीत, कारण सुरुवातीचा एक मालक रोखीने पगार द्यायचा. अशा वेळी स्क्रीनवर दोन वाटा असतात: आहे ते प्री-सेटल्ड, म्हणजे तात्पुरतं स्टेटस, स्वीकारा, नाहीतर आणखी पुरावे जोडा. मी २०१३ पासून इथे आहे. भाडेकरार, बँकेची स्टेटमेंटं, सगळं माझ्या पिशवीत होतं. त्याने मला न विचारता 'स्वीकारा' दाबलं. मुलाचा अर्ज तर केलाच नाही.

आणि ती कार्डं! पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांचं स्टेटस फक्त ऑनलाइन असतं, प्लास्टिकचं कार्ड मिळतच नाही. पण शेजारणीकडे भारतीय पासपोर्ट होता, तिला युरोपीय पासपोर्टवाल्या नवऱ्यामुळे खरोखरचं कार्ड मिळालं होतं. ते पाहून आमचीही खरीच वाटली. १ जुलै २०२१ पासून नव्या नोकरीला नुसता पासपोर्ट चालेना. मी कार्ड पुढे केलं तर ऑफिसातल्या बाईंनी ते परत सरकवलं आणि शेअर कोड, म्हणजे ऑनलाइन स्टेटस तपासायचा क्रमांक, मागितला. तो काढायला लॉगिन लागतं आणि लॉगिनचा कोड जातो एजंटच्या फोनवर! ती नोकरी गेली. त्याला फोन केला तर 'अपग्रेड'चे ३५० मागू लागला.

मुलाच्या नावाने काहीच नाही हे कळलं तोवर अर्जाची ३० जून २०२१ ची मुदत उलटून गेलेली.

मग दारोदार फिरणं. हेल्पलाइनवर तासन्‌तास संगीत ऐकल्यावर उत्तर काय, तर नंबर बदलायचा असेल तर जुन्या नंबरवर कोड पाठवतो. अहो, जुना नंबर चोराचा आहे म्हणून तर फोन केला! इथल्या पोलिसांनी ऑनलाइन तक्रार घेतली, एक क्रमांक दिला आणि पुढे तपासाला धागा नाही असं पत्र पाठवलं. धागा नाही? माणसाचं नाव, पत्ता, मेसेज, सगळं जोडलं होतं. गावी भावाला पोलीस ठाण्यात पाठवलं तर म्हणे व्यवहार विलायतेत झाला, इथे कशाला आलात. परवान्याशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं ब्रिटनच्या १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. मग हा गुन्हा नोंदवायचा तरी कोणाकडे?

शेवटी एका धर्मादाय संस्थेतल्या बाईंनी लॉगिन परत मिळवून दिलं. मुलाचा उशिराचा अर्जही त्यांनीच भरला. आईबापांकडून राहून गेलं हे लहान मुलांच्या बाबतीत सबळ कारण धरतात. त्यांनी एक पैसा घेतला नाही.

रोख देऊ नका, पावतीशिवाय तर नाहीच. सल्लागाराचं नाव सरकारी नोंदवहीत आहे का ते आधी शोधा. फॉर्मवर ईमेल आणि नंबर तुमचाच हवा, एजंट कितीही गोड बोलला तरी. सप्टेंबर २०२३ पासून प्री-सेटल्डची मुदत संपण्याआधी आपोआप वाढते. हा माणूस आता त्याच मुदतवाढीचे १२० पौंड घेतो आहे, परवाच एका वृद्ध जोडप्याकडून घेतले. उशिराच्या अर्जांची छाननी ऑगस्ट २०२३ पासून कडक झाली आहे, म्हणून ज्यांनी त्याच्याकडून काम करून घेतलं त्यांनी आज रात्रीच स्वतः लॉगिन करून बघा. सेटल्ड लिहिलंय की प्री-सेटल्ड ते नीट वाचा आणि मुलांची नावं एकेक करून तपासा.