घाटात नेण्याआधी फोर्क बाहेर काढून बघा: सेकंडहँड रोड बाइकचा माझा अनुभव

सेकंडहँड रोड बाइक शोधणाऱ्यांसाठी, त्यातही नव्याने सायकलिंगकडे वळलेल्यांसाठी हे लिहितेय. माझे पैसे गेले, पण गोष्ट फक्त पैशांची नाही. मला विकलेली सायकल सप्तशृंग गडाच्या उतारावर कधीही मोडली असती आणि विकणाऱ्याला हे माहीत होतं. माहीत होतं असं मी कशावरून म्हणते, ते पुढे येईलच. तक्रार पोलिसांत दिलेली असल्याने त्या माणसाचं नाव इथे घेत नाही.

नाशिकचं सायकलवेड सगळ्यांना ठाऊक आहे. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली आणि नंतर इथे घराघरांतून माणसं सायकली बाहेर काढू लागली. पहाटे गंगापूर रोडला किंवा त्र्यंबक रोडला गेलात तर दिसेलच. मीही अशीच सुरुवात केली, साध्या हायब्रिड सायकलवर. २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत पूर्ण करायची आणि नांदुरीहून गड चढायचा, ही दोन स्वप्नं डोक्यात होती. त्यासाठी कोणती सायकल घ्यावी, चढाला गिअर कोणते लागतात, सोबत कोणती हत्यारं ठेवावीत, असे शंभर प्रश्न. नवख्या माणसाने हे विचारायचं कुणाला? जो आपल्यापेक्षा जास्त फिरलाय त्यालाच.

आमच्यासोबत पहाटे येणाऱ्यांत असा एक जण होता. सगळे त्याला दादा म्हणायचे. त्याचे सल्ले खोटे नव्हते, हे मुद्दाम सांगते. माझ्या सीटची उंची त्याने नीट बसवून दिली आणि गुडघेदुखी खरोखर थांबली. चढासाठी पुढे ५०/३४ चा कॉम्पॅक्ट क्रँक (पॅडलजवळच्या ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या) आणि मागे ३२ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरच्या चकत्यांचा संच) हवी, हे त्याने सांगितलं आणि ते बरोबरच आहे. रस्त्यात पंक्चर झालं की टायरच्या आतून बोटं फिरवून आधी काटा शोधायचा, मगच नवी ट्यूब घालायची, हेही त्यानेच शिकवलं. एक जुना बॉटल केज फुकट दिला. अशा माणसावर विश्वास बसतो, आणि बसावा म्हणूनच हे सगळं चाललेलं असतं.

मग एके दिवशी म्हणाला, “ताई, तुमच्यासाठी एक सायकल आहे. माझ्या मित्राची. तो परदेशी चाललाय, म्हणून काढतोय. पूर्ण १०५ ग्रुपसेट, कार्बन फोर्क. दुकानात एवढ्यात मिळायची नाही.” ग्रुपसेट म्हणजे गिअर आणि ब्रेकचे सगळे भाग, १०५ ही शिमानो कंपनीची त्यातली एक मालिका, आणि फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा दुशाखी भाग. किंमत ६२,००० रुपये. १०,००० ‘टोकन’ म्हणून फोनवरून लगेच पाठवायचे, कारण “अजून दोघं मागे लागलेत.” उरलेले रोख, कारण “मित्राला जायची घाई आहे.” मूळ बिल मागितलं तर ते मित्राच्या सामानात बांधलं गेलंय म्हणाला. तो मित्र मला कधीच भेटला नाही. ट्रायल मिळाली ती संध्याकाळी, सपाट रस्त्यावर. एखाद्या चढावर नेऊन बघू का, असं मी विचारलं होतं. “आधी बॉडी सेट होऊ दे ताई, मग चढ आहेतच,” असं उत्तर मिळालं. ट्रायल सपाट रस्त्यावरच का दिली, हे नंतर कळलं. झिजलेली चेन आणि झिजलेली कॅसेट सपाटीवर एकमेकींना सांभाळून घेतात. पायाचा खरा जोर पडतो तो चढावर.

माझी उंची ५ फूट ३ इंच आणि फ्रेम ५४ सेंटिमीटरची. ही मला मोठी होती. सीट खालीवर करता येते, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फ्रेमच ठरवते. तो म्हणाला, “छोटा स्टेम लावून देतो, काम झालं.” स्टेम म्हणजे हँडलला फोर्कच्या नळीशी जोडणारा तुकडा. त्याचे २,५०० वेगळे घेतले आणि स्टेम बदलायला मला घरी बोलावलं. मी आणि नवरा दोघेही गेलो. सायकल घेऊन तो मागच्या पडवीत गेला आणि आम्हाला पुढच्या खोलीत बसवून ठेवलं. मला बघून शिकायचं होतं, तसं म्हणालेही. “तुम्ही चहा घ्या तोवर, आलोच.” ही पडवी लक्षात ठेवा.

त्यानंतर सुरू झाली छोटी छोटी दुखणी. गिअर उडी मारू लागले. तो म्हणाला चेन बदला, मी बाजारातून नवी चेन आणून टाकली, तर चढावर पॅडल आणखीच सटकू लागलं. जुन्या कॅसेटवर नवी चेन टाकली की असंच होतं, दाते झिजून गेलेले असतात. मग कॅसेट त्याच्याचकडून, ३,५०० रुपये. मग “सिरियस सायकलिस्टकडे हवंच” म्हणून टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरापर्यंत बोल्ट आवळला की ‘टिक’ करणारा पाना) आणि ॲलन की चा संच, ४,००० रुपये. प्रत्येक दुखण्याचं औषध त्याच्याकडे तयार होतं आणि दुखणंही त्यानेच दिलेलं होतं. फसवणुकीची ही पद्धत मला सगळ्यात वाईट वाटते. एकदाच पैसे घेऊन तो पळून गेला नाही. सल्ल्याच्या आडून तो महिनोन्महिने घेत राहिला आणि मी दर वेळी त्याचे आभार मानत राहिले.

नांदुरीच्या घाटात उभं राहून पॅडल मारताना हँडलच्या मुळाशी टक् टक् असा आवाज येऊ लागला. त्याला फोन केला. “कार्बनचा आवाज असतोच ताई. ग्रीस लावू रविवारी.” कार्बनला असा आवाज नसतो. कार्बन आवाज करत असेल तर काहीतरी सैल आहे किंवा तडकलंय, तिसरं कारण क्वचितच.

शेवटी पंचवटीतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे सायकल नेली. त्यांनी पुढचा ब्रेक दाबून धरला, सायकल पुढेमागे हलवली आणि हेडसेटवर (हँडलखाली फोर्क ज्यात फिरतो त्या बेअरिंगवर) बोट ठेवून मला म्हणाले, “हात लावून बघा.” तिथे हालचाल जाणवत होती. त्यांनी स्टेम काढला, फोर्क खाली ओढून घेतला आणि काही न बोलता माझ्यासमोर धरला. फोर्कची जी नळी फ्रेमच्या आतून वर येते आणि जिला स्टेम पकडतो, तिला स्टिअरर म्हणतात. ती कार्बनची होती. बरोबर जिथे स्टेम आवळला जातो, तिथे जवळपास निम्म्या घेरापर्यंत तडा गेलेला. तड्यात एपॉक्सी (वाळून कडक होणारा गोंद) भरून घासलेलं आणि वर काळा रंग मारलेला. आत स्टार नट (वरच्या झाकणाचा बोल्ट धरणारा दातेरी नट) ठोकलेला. स्टार नट हा धातूच्या नळीसाठी असतो. त्याचे दाते कार्बनच्या नळीत ठोकले की आतले धागे तुटतात. कार्बनला आतून फुगून बसणारा एक्स्पांडर लागतो. काका म्हणाले, “ही चालवत घरी नेऊ नका. रिक्षात टाका.”

ही नळी तुटते म्हणजे काय होतं, ते समजून घ्या. हँडल आणि पुढचं चाक यांना जोडणारी दुसरी कुठलीही गोष्ट सायकलमध्ये नाही. उतारावर ताशी ४०–४५ च्या वेगाने वळणावर ब्रेक दाबला की सगळा भार तिथेच येतो. नळी तुटली तर हँडल हातात राहतं आणि चाक आपल्या वाटेने जातं.

आता पडवीकडे येते. तडा स्टेमच्या बरोबर खाली होता. स्टेम बदलायचा तर जुना काढावाच लागतो आणि जुना काढला की ती काळी रंगवलेली, एपॉक्सी भरलेली जागा डोळ्यांसमोर येते. म्हणजे ज्या दिवशी मी पुढच्या खोलीत चहा घेत होते, त्या दिवशी त्याने तो तडा हाताने पुसला, त्यावर नवा स्टेम चढवला, बोल्ट आवळले आणि सायकल माझ्या हाती दिली. वर म्हणाला, “आता बिनधास्त गड मारा.” हे वाक्य अजून झोपेत आठवतं.

काकांनी बाकीचंही दाखवलं. १०५ लिहिलेले फक्त दोन शिफ्टर (हँडलवरचे गिअरचे खटके) आणि मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग), म्हणजे नजर जाते तेवढेच भाग. ब्रेक आणि पुढचा डिरेलर निनावी. शिमानोच्या प्रत्येक भागावर त्याचा कोड असतो: शिफ्टरवर एसटी, मागच्या डिरेलरवर आरडी, क्रँकवर एफसी, ब्रेकवर बीआर आणि पुढे मॉडेलचा क्रमांक. “पूर्ण ग्रुपसेट” म्हणून कुणी विकत असेल तर सगळ्या भागांवरचे कोड एकाच मालिकेतले आहेत का, हे फोनच्या टॉर्चने पाच मिनिटांत तपासता येतं. मागच्या रिमवर जिथे ब्रेक घासतो, तिथली झिजेची खूण पूर्ण नाहीशी झाली होती आणि बोट फिरवलं तर खळगा लागत होता. अशी रिम लांब उतारावर फाटू शकते. आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस बसतो त्या भागाच्या) खाली, फ्रेमचा नंबर असतो तिथे, ग्राइंडर फिरवून वर रंग मारलेला. ही सायकल चोरीची असण्याची शक्यता आहे. हे कळल्यावर मला स्वतःच्या नुकसानीपेक्षा जास्त वाईट वाटलं. कुठेतरी कुणीतरी ती अजून शोधत असेल.

टॉर्क रेंच तर निव्वळ शोभेचा निघाला. तो घरच्या घरी तपासण्याची काकांनी दाखवलेली रीत सगळ्यांना उपयोगी पडेल. रेंच ५ न्यूटन-मीटरवर लावा, तो आडवा राहील असं त्याचं टोक पकडीत घट्ट धरा आणि टोकाच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर अडीच किलो वजनाची पिशवी टांगा. एवढ्या वजनाला साधारण ५ न्यूटन-मीटर जोर पडतो, त्याच्या आसपास ‘टिक’ झालं पाहिजे. माझ्या रेंचने दुप्पट वजनालाही तोंड उघडलं नाही. स्टेमवर बोल्टजवळ बहुतेक ५ च्या आसपासचा आकडा छापलेला असतो. अशा रेंचने कार्बनवर बोल्ट आवळत राहिलं तर धडधाकट नळीही चिरडेल. चेनसाठी तर मोजपट्टी पुरते. एका पिनेपासून पुढे २४ पिना मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर ३०४.८ मिलिमीटर असतं. ३०६ च्या पुढे गेलं की चेन बदलायची आणि ३०८ च्या आसपास पोचलं असेल तर कॅसेटचाही खर्च किमतीत धरायचा.

त्याला जाब विचारला तेव्हा पहिलं उत्तर आलं, “वापरलेली सायकल आहे ताई, असं थोडंफार असणारच. तुम्ही चालवून बघितली ना?” फोर्कचा फोटो पाठवल्यावर म्हणाला की तडा माझ्याच पडण्याने गेला. मी त्या सायकलवरून पडलेच नव्हते, आणि पडून तडा गेला असता तर त्यात आधीपासून एपॉक्सी कुठून येणार? त्यानंतर मला राइडच्या ग्रुपमधून काढलं गेलं आणि “ताईंना मेंटेनन्स जमत नाही” असं पसरवलं गेलं. मग मी एकेकाशी स्वतंत्रपणे बोलले. आणखी दोघांनी त्याच्याकडून सायकली घेतल्या होत्या. दोन्ही वेळी मित्रच परदेशी चालला होता.

पोलिस ठाण्यात लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, आधी ज्याला ४२० म्हणायचे ते. चोरीच्या मालाचं कलम ३१७ आहे. म्हणूनच घासलेल्या नंबराची गोष्ट मी अर्जात स्वतःहून लिहिली आणि सायकल पुन्हा कुणाला विकली नाही. तुम्हीही विकू नका. रोख दिलेल्या ५२,००० चा माझ्याकडे कागद नाही, पण टोकनचा व्यवहार, त्याचे “पूर्ण १०५” आणि “कार्बनचा आवाज असतोच” हे मेसेज आणि मेकॅनिककाकांनी सही करून दिलेली दोषांची यादी आहे. ऑनलाइन पैसे पाठवल्यावर समोरचा गायबच झाला तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, तिथे तासातासाने फरक पडतो. आणि विकणारा धंदा म्हणून सायकली विकत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क पडत नाही. अर्जानंतर त्याने १०,००० परत पाठवले, चिठ्ठी ना चपाटी. बाकीच्यासाठी मी मागे लागलेली आहे आणि राहणार आहे.

नवख्यांनी अनुभवी माणसांना विचारणं बंद करावं, असं मला अजिबात वाटत नाही. मला आजही चांगली माणसं भेटतात. पण ज्याच्याकडून सल्ला घेताय त्याच्याचकडून सायकल घेत असाल, तर पैसे देण्याआधी ती त्याच्या ओळखीत नसलेल्या मेकॅनिककडे न्या आणि तुमच्या डोळ्यांसमोर फोर्क बाहेर काढायला लावा. सांगणाऱ्याच्या मनात काही नसेल तर तो स्वतः सोबत येईल. “कशाला उगाच खोलताय” म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आणि ज्यांनी गेल्या वर्ष-दोन वर्षांत नाशिकमध्ये परदेशी चाललेल्या मित्राची, कार्बन फोर्कची सायकल घेतली असेल, त्यांना हात जोडून विनंती आहे. येत्या रविवारी गडावर किंवा कसारा घाटात जायचा बेत असेल तर तो आधी रद्द करा. ४ आणि ५ मिलिमीटरची ॲलन की, एक जाणकार मेकॅनिक आणि अर्धा तास एवढंच लागतं. स्टेमखालची ती जागा उजेडात बघा, रंग ताजा वाटला तर नखाने खरवडून बघा, आणि तोपर्यंत सायकल घराबाहेर काढू नका.